हजेरी आहे, काम नाही

भवानी पेठेतल्या एका विडी ब्रँचच्या दारात सकाळी बायका ओळीने बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी नाही तर टोपली, वर फडके. आत टेबलामागचा तपासनीस एकेक कट्टा उचलतो, बोटांनी दाबून बघतो. विडी सैल लागली, तोंड नीट मुडपलेले नसले की ती छाट म्हणून बाजूला पडते. मग कार्डावर आकडा चढतो आणि दुसऱ्या दिवसासाठी तेंदूपान, तंबाखू, सूत मोजून मिळते. मिळाले तर. मागे एकदा मी तिथे उभा होतो. हजार विड्यांचे पान मिळेल म्हणून आलेल्या एका अक्कांच्या हातात पाचशेचेच पडले. मागच्या बाईकडे वळून त्या एवढेच म्हणाल्या, "आकु लेदु." पान नाही. तेलुगूतले हे दोन शब्द सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माणसालाही कळतात. पान नाही म्हणजे उद्या काम नाही आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. नोकरी मात्र शाबूत आहे. कार्ड पिशवीत आहे, नाव मालकाच्या दप्तरी आहे.

ब्रिटनमध्ये गेल्या १०-१५ वर्षांत ज्या 'झिरो अवर' कराराची, म्हणजे शून्य तासांच्या कराराची, एवढी चर्चा झाली, त्याचा गाभा हाच. कामगार मालकाच्या यादीवर असतो, पण किती तास काम मिळेल याची हमी नसते. मालकाने बोलावले तर पगार, नाही बोलावले तर काही नाही. आपल्याकडे हा शब्द कुठल्याच कायद्यात नाही. वस्तू मात्र जुनी आहे. तिला कधी बदली म्हटले, कधी रोजंदारी, कधी नगावरचे काम. हल्ली मोबाइलवर ऑर्डर येईल तेव्हाच काम असलेली पोरे दुचाकी घेऊन चौकात थांबलेली दिसतात, तीही याच घरातली. या सगळ्या प्रकारांना कायद्याने कसे हाताळले, कोणाचे म्हणणे काय आहे आणि कुठे गाडे अडले आहे, याचा हा आढावा. उदाहरणे बहुतेक सोलापुरातली आहेत, कारण प्रश्नाच्या सगळ्या पिढ्या या एका शहरात एकमेकींना लागून नांदतात.

भोंगा आणि बदलीवाला

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली, पुढे तिलाच लोक जुनी मिल म्हणू लागले. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. गिरणीच्या दारात दोन तऱ्हेचे कामगार असत. एक कायम, ज्याचे तिकीट ठरलेले. दुसरा बदली, म्हणजे कायम माणसाचा खाडा पडेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा. बदलीवाल्याने रोज पाळीला हजर व्हायचे, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नजरेत राहायचे, आणि हाक आली नाही तर घरी परतायचे. जॉबरला दस्तुरी दिल्याशिवाय हाक येत नाही, ही तक्रार इतकी सार्वत्रिक होती की १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानेही तिची दखल घेतली.

नियमनाचा पहिला प्रयत्न सरकारने नव्हे, मालकांनी केला. मुंबईच्या गिरणी मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक संख्येच्या बदली कामगारांना कार्ड द्यायचे, रोज हजेरी घ्यायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, अशी तिची रीत. त्यामागे दया नव्हती. सरावलेला हात ऐनवेळी मिळावा ही गिरणीचीच गरज होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पन्नासच्या सुमारास मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर या तिन्ही गिरणगावांत नैमित्तिक कामगारांच्या नोंदणीची योजना चालवली. भरती जॉबरच्या हातून काढून नोंदणी कार्यालयाकडे द्यावी, हा तिचा हेतू. म्हणजे 'यादीवर आहे, पण काम नाही' या माणसाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न सोलापूरने पाऊणशे वर्षांपूर्वी सरकारी पातळीवर हाताळलेला आहे. आजच्या चर्चेत हे कोणी फारसे आठवत नाही.

दोन तासांचा नियम

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'ची जी व्याख्या होती ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत नेमकी तरतूद वाटते. हजेरीपटावर नाव असलेला कामगार नेहमीच्या वेळी कामावर हजर झाला आणि २ तासांत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिला असे कायदा मानतो. त्याला पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात या म्हणून सांगितले, तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. तेव्हा आल्यावरही काम दिले नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचा पूर्ण पगार मिळतो. एरवी ले-ऑफची भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी. ताटकळत बसण्याला किंमत असते, हे हा कायदा स्वच्छपणे सांगत होता.

पण दार लावताना त्याच कायद्याने तीन फटी ठेवल्या. ५० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना ही तरतूद लागू नाही. हंगामी कारखान्यांना नाही. आणि बदली किंवा नैमित्तिक कामगाराला नाही, म्हणजे जो रोज दारातून परत जातो त्यालाच नाही. इथे एक पळवाट कामगाराच्या बाजूनेही आहे. बदलीवाल्याने वर्षभराची सलग सेवा पूर्ण केली, म्हणजे १२ महिन्यांत २४० दिवस भरले, की ले-ऑफपुरता तो बदली राहत नाही. गिरणगावात 'दोनशेचाळीस' हा आकडा लहान पोरालाही पाठ असायचा तो यामुळे. तो भरू नये म्हणून मध्येच खाडा पाडण्याची युक्तीही त्यातूनच जन्मली.

महाराष्ट्राने त्या युक्तीवरही कायदा केला. १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब सांगते की, कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. या एका बाबीवर राज्यातल्या औद्योगिक न्यायालयांत असंख्य तक्रारी चालल्या. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या सिप्ला खटल्यात म्हटले की, मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करून या, मग या कायद्याखाली दाद मागा. ठेकेदाराच्या हाताखालच्या माणसासाठी वाट तिथे लांबली.

घरात वळलेली विडी

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. बापे यंत्रमागावर गेले, बायकांच्या मांडीवरचे विडीचे सूप जिथल्या तिथे राहिले. सोलापुरात विडी कामगार स्त्रियांची संख्या साधारणपणे ६०-७० हजार सांगितली जाते. त्यांत पद्मशाली समाजाच्या तेलुगू भाषक बायका सर्वांत जास्त. काम घरात, मजुरी हजारावर, आणि किती हजारांचे पान द्यायचे ते ठरवणार कारखाना.

इथे कायद्यापुढचा पहिला प्रश्न तासांचा नव्हता. ही बाई कामगार आहे की नाही, इथूनच सुरुवात होती. कारखान्यात बसून विडी वळणाऱ्यांबद्दलसुद्धा न्यायालयांचे एकमत नव्हते. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वेळेचे बंधन सैल असले आणि मजुरी नगावर असली तरी ते कामगारच, असे ठरवले. पाठोपाठ शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बहुमताने उलट निकाल आला. माणूस हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, तेव्हा तो कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे आणि भरपगारी रजेचा हक्कदारही नव्हे. 'मनाप्रमाणे येण्याजाण्याची मोकळीक' हा शून्य तासांच्या कराराच्या बाजूने आज केला जाणारा युक्तिवाद ६० वर्षांपूर्वी विडीच्या कारखान्यातून आपल्या न्यायालयात येऊन गेलेला आहे, तो असा.

संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगार कायदा करून तो वाद बराचसा मिटवला. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी व्यक्तीही त्या कायद्याने कामगार ठरली. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले. १९७४ च्या मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात कायदा टिकला, आणि छाटावर साधारण ५ टक्क्यांची मर्यादा घालणारे नियमही. पुढे १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात न्यायालयाने घरखेपी (घरी काम करणाऱ्या) विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचे सांगितले. त्यामागचा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. काम घरी होते म्हणून मालकाचे नियंत्रण सुटत नाही. विडी नाकारण्याचा जो अधिकार त्याच्या हातात असतो, तेच नियंत्रण. टेबलामागचा तो माणूस छाट बाजूला टाकतो त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने मालक-कामगार नाते सिद्ध होते.

त्याच काळात, १९७६ च्या कायद्याने, विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत त्यातून होई. सोलापूरला या निधीचा आणि संघटनांच्या चिकाटीचा मोठा लाभ झाला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत १० हजार घरे झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना अर्थसंकल्पातून चालू ठेवण्यात आल्या, पण विडीमागे विडी कामगाराचा जो ठरलेला वाटा होता तो गेला.

इतके हक्क मिळूनही एक गोष्ट कोणीच दिली नाही, ती म्हणजे कामाच्या प्रमाणाची हमी. कार्डावर तारीख, पान, तंबाखू, भरलेल्या विड्या, छाट हे सगळे चढते. बाई आली, थांबली आणि रिकाम्या हाताने गेली, तो दिवस कुठेच चढत नाही. दोन तासांच्या नियमाला हजेरीपट लागतो, आणि घरी काम करणारीची हजेरी तिने आणलेल्या मालावरून धरली जाते. याचे परिणाम मजुरीपाशी थांबत नाहीत. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मजुरीच्या प्रमाणात पडते, उपदान मिळायला वर्षाचे दिवस भरावे लागतात. आठवड्यातून दोनदा पान चुकले तर नुकसान थेट म्हातारपणापर्यंत पोचते. शिवाय एका कार्डावर सासू, सून आणि लेक अशा तिघी विड्या वळत असतात. ज्यांचे नाव कार्डावर नाही त्यांचे कामच कागदावर नाही.

किमान वेतन कायद्यात यावर एक उपाय १९४८ पासून होता. नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या हिशेबाने किमान इतके पडलेच पाहिजे, असा 'हमी कालदर' सरकारला ठरवता येत होता. २०१९ च्या वेतन संहितेतही नगावरच्या दराची सांगड वेळेच्या किमान वेतनाशी घालण्याची तरतूद आहे. पण विडीची मजुरी आजवर ठरत आली ती दर हजारी. दराच्या रकमेवर मोर्चे निघाले, किती हजारांचे पान रोज मिळायलाच हवे या मागणीला तितका जोर आला नाही.

कोण काय म्हणतो

विडी कारखानदारांचे म्हणणे असे. तेंदूपान वर्षातून एकदा, उन्हाळ्यात तोडले जाते आणि लिलावाने येते. साठा संपत आला की वाटप कमी करावे लागते. धूम्रपानाविरुद्धचे कायदे, २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागेत आलेला इशारा, कर, यांमुळे खप घसरतो आहे. मजुरी इतर राज्यांत कमी आहे. इथे रोजच्या कामाची हमी सक्तीची केली तर धंदा तिकडे जाईल आणि आहे तेही काम जाईल. हा धाक पोकळ नाही, किमान वेतनाच्या प्रत्येक वाढीच्या वेळी राज्याराज्यांतल्या दरांतली तफावत हा खरा अडसर ठरला आहे. यंत्रमागवाल्यांची बाजू थोडी वेगळी. टॉवेल-चादरीच्या ऑर्डरी एकदम येतात आणि एकदम थांबतात, सूत महागते, विजेचे बिल थांबत नाही. चार-आठ मागांच्या मालकाला रिकाम्या दिवसाचा पगार परवडत नाही, आणि असे अनेक मालक काल-परवापर्यंत स्वतःच कामगार होते.

कामगार संघटनांचे उत्तर असे की, मंदीचा सगळा धोका ज्याच्याकडे गंगाजळी नाही त्याच्याच अंगावर का? मार्च २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद झाले तेव्हा विडी वळणाऱ्या घरांत मजुरीची आवक एकदम थांबली. ते संकट असाधारण होते, पण पान न मिळण्याची रीत साधारण दिवसांतली आहे. यंत्रमागात एकाच घरातल्या वेगवेगळ्या नावांवर माग दाखवून कायद्याच्या मर्यादेखाली राहिले जाते, ही संघटनांची जुनी तक्रार. मालक म्हणतात, वाटण्या झाल्या म्हणून नावे वेगळी. दोन्ही प्रकार प्रत्यक्षात आहेत, म्हणूनच हा वाद कागद बघून सुटत नाही.

आणि त्या बायका? त्यांच्याशी बोलताना मला एकच एक उत्तर मिळाले नाही. लहान मूल आणि आजारी सासू असलेली म्हणते, घरी बसून जमेल तेवढे करते, ठरलेल्या तासांना बांधून घेणार नाही. शेजारचीच म्हणते, मी हजार वळू शकते, पाचशेचेच पान का? दोघींचे म्हणणे एकमेकींच्या विरुद्ध नाही. पहिली कमी काम मागण्याची मोकळीक मागते आहे, दुसरी पुरेसे काम मागण्याचा हक्क. माझ्या मते कोंडी इथेच आहे. मालकाची मोकळीक आणि कामगाराची मोकळीक यांना एकच नाव दिले जाते आणि मग हमी देणे म्हणजे मोकळीक काढून घेणे असे चित्र उभे राहते.

बाहेरची वाट

ही गुंतागुंत ओळखूनच इतर देशांनी वेगवेगळी उत्तरे काढली. न्यूझीलंडने २०१६ मध्ये ठरवले की कामगाराला तयार राहायला सांगायचे असेल तर त्या तयार राहण्याची भरपाई द्या. आयर्लंडमध्ये २०१९ पासून शून्य तासांचे करार बहुतांश बाबतींत बंद झाले. जर्मनीत कराराने तास ठरवले नसतील तर आठवड्याला २० तास धरले जातात. पूर्वी हा आकडा १० होता. ब्रिटनने २०१५ मध्ये फक्त एवढेच केले की, अशा कामगाराला दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट बेकायदा ठरवली. तिथे १० लाखांहून अधिक लोक अशा करारांवर असताना पुढच्या पावलाला १० वर्षे लागली. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली की, ठरावीक काळात प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या प्रमाणात हमी तासांचा देकार द्यायचा, पाळीची वाजवी आगाऊ सूचना द्यायची आणि ऐनवेळी रद्द केलेल्या पाळीचे पैसे द्यायचे. देकार स्वीकारायचा की नाही, ते कामगाराने ठरवायचे. तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहेत. भवानी पेठेतल्या त्या दोघींना एकाच वेळी लागू पडेल असे सूत्र मला यातच दिसते.

माथाडी आणि रोजगार हमी

तरीही महाराष्ट्राला उत्तर परदेशातून आणण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम नेमक्या अशाच माणसांसाठी झाला, ज्यांना आज या दुकानात, उद्या त्या गाडीवर काम मिळते. मालक आणि कामगार दोघांची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर ठरावीक टक्के लेव्ही, आणि त्यातून निधी, उपदान, औषधपाणी. काम कोणत्याही एका मालकाशी बांधलेले नसले तरी हक्क मंडळाशी बांधलेले. बाजार समितीत पोती उचलणाऱ्यांना याचा अनुभव आहे. या रचनेवर टीकाही आहे. बोगस नोंदण्या, दांडगाई करून लेव्ही उकळणे, मंडळांची ढिलाई या तक्रारी व्यापारी वर्षानुवर्षे करतात आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. शिवाय मंडळ मिळालेले काम वाटते आणि राखते, काम निर्माण करत नाही.

काम मागण्याचा हक्क दिला तो १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम नाही मिळाले तर बेकारी भत्ता. पण तो खेड्यापुरता. सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावात जो हक्क आहे, तो शहराच्या पेठेत नाही.

नव्या संहितांनंतर

केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांत काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत. किमान वेतन ठरावीक उद्योगांच्या यादीपुरते राहत नाही, मुदतबंद कामगाराला एका वर्षाच्या सेवेवर उपदान मिळते, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांचा कायद्यात प्रथमच उल्लेख येतो आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी अॅग्रीगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे आहेत. ही सुरक्षा आहे, कामाची हमी नाही. दोन तासांचा नियम टिकला आहे, ५० कामगारांची अटही. दुसरीकडे ले-ऑफ, कपात यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लागते आणि स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे नियमही, ३०० पासून. उद्योग संघटना म्हणतात, यामुळे लहान कारखाने मोठे व्हायला बिचकणार नाहीत. केंद्रीय कामगार संघटनांपैकी बऱ्याच म्हणतात, उरलेसुरले छत्रही गेले. दोघांच्या दाव्यांची परीक्षा व्हायला अजून काळ जावा लागेल.

सोलापूरसाठी खरा पेच दुसरा आहे. १९६६ चा विडी कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत 'घरातून काम करणारा कामगार' अशी व्याख्या असंघटित कामगारांच्या संदर्भात येते. घरी विडी वळणारी बाई यापुढे पटेल खटल्याप्रमाणे कारखान्याची कामगार राहणार की असंघटितांच्या यादीत सरकणार? पहिल्या बाजूला निधी आणि उपदान हा हक्क आहे, दुसऱ्या बाजूला सरकार जाहीर करील ती योजना. संघटनांना दुसऱ्या शक्यतेची भीती आहे. व्याख्यांचा अर्थ लावताना जुने निकाल लागू राहतील, असे मानणारेही आहेत. घरून होणाऱ्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा १९९६ चा करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे तिकडूनही आधार नाही.

राज्याने आपल्या अधिकारात काय करायचे, हेही मोकळेच आहे. दर हजारी मजुरीबरोबर कमीत कमी किती पान द्यायचे ते अधिसूचनेत घालता येईल का? पान न दिलेला दिवस कार्डावर लिहिणे सक्तीचे करता येईल का? विडी आणि यंत्रमागासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ नेमले, तर लेव्ही कारखानदाराने भरायची की विडीच्या किमतीतून काढायची? आणि जो धंदा आरोग्याच्या धोरणानुसार आटतच जायला हवा, त्यातल्या बाईला त्याच कामाची हमी द्यायची की शिलाईच्या, टॉवेलच्या, दुसऱ्या कुठल्या कामाची? या शेवटच्या प्रश्नावर कारखानदार, संघटना आणि आरोग्य खाते एका टेबलाशी अजून बसलेले नाहीत.